वीस वर्षांचा उंबरठा

शहापूरच्या बाजारपेठेतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. खाली धान्याची पेढी, वर बिऱ्हाड. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आहे, थोरला मुलगा गादीवर एकटा पडला आहे आणि सून गावातीलच एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत लिपिक आहे. साल २०२५, महिना मे. घरात दोन रात्री चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी सून बँकेच्या कागदावर चार ओळी लिहिते : घरगुती अडचणींमुळे सेवेचा राजीनामा देत आहे, कृपया स्वीकारावा. पाकीट पर्समध्ये ठेवून ती शाखेत जाते. शाखेत एखादा जुना, पिकल्या केसांचा हेडकॅशियर असेल तर तो पाकीट हातात घेऊन एवढेच विचारतो, ‘‘ताई, तुमची नोकरी किती वर्षांची झाली?’’ ती सांगते, १२ डिसेंबर २००५ ला लागले. तो पाकीट परत देतो.

पाकीट परत देण्याचे कारण एका शब्दात आहे. तिने ‘राजीनामा’ लिहिले आहे. सार्वजनिक क्षेत्रातील नोकरी मुदतीपूर्वी सोडण्याचे दोन दरवाजे असतात. बाहेरून ते सारखेच दिसतात, पण एकातून बाहेर पडणाऱ्याला आयुष्यभर निवृत्तिवेतन मिळते आणि दुसऱ्यातून बाहेर पडणाऱ्याची मागची सारी सेवा निवृत्तिवेतनापुरती पुसली जाते. बँक कर्मचारी निवृत्तिवेतन विनियम, १९९५ यांतील बाविसावा विनियम हेच सांगतो : राजीनामा दिला की पूर्वसेवा जप्त. एकोणिसावा विनियम नव्हे, एकोणतिसावा विनियम दुसऱ्या दरवाजाचा आहे. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाल्यानंतर किमान तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन कर्मचाऱ्याला स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन लगेच सुरू होते. त्यासाठी साठ वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागत नाही.

हा भेद केवळ कारकुनी नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर तो वारंवार गेला आहे. युको बँक विरुद्ध संवर माल या २००४ च्या निकालात आणि आयुर्विमा महामंडळाच्या श्रीलाल मीना प्रकरणात २०१९ मध्ये न्यायालयाने हेच मत दिले की राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या माणसाने राजीनामा लिहून दिला असेल, तर ‘मला म्हणायचे होते निवृत्ती’ हे नंतर ऐकले जात नाही. घराण्याच्या पेढीवर चोपड्यातील एका शब्दाने देणे-घेणे फिरते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. तरीही व्यापारी घरांतील सुना-लेकींचे राजीनामे अजून भावनेच्या भरात लिहिले जातात, कारण घरात हिशेब पेढीचा होतो, पगाराचा होत नाही.

तो हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, या सुनेचे निवृत्तिवेतनासाठी धरले जाणारे सरासरी वेतन ६०,००० रुपये आहे. बँकेत पूर्ण निवृत्तिवेतन म्हणजे या सरासरीच्या निम्मे, आणि तेही ३३ वर्षांच्या सेवेला. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी. वीस वर्षांना ३०,००० गुणिले २० भागिले ३३, म्हणजे १८,१८२ रुपये. परंतु एकोणतिसाव्या विनियमात एक सवलत आहे : स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याच्या अर्हताकारी सेवेत पाच वर्षांपर्यंत वाढ धरली जाते. एकूण सेवा ३३ वर्षांपलीकडे जाऊ नये आणि नियत निवृत्तीची तारीख ओलांडली जाऊ नये, एवढीच अट. सून ४६ वर्षांची असेल तर पाचही वर्षे मिळतात आणि हिशेब २५ वर्षांवर होतो : महिना २२,७२७ रुपये. शिवाय त्यावर महागाई वाढ, आणि तिच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन. महागाई वाढ बाजूला ठेवली, तरी सात टक्के व्याजाने एवढे उत्पन्न घरी यावे यासाठी सुमारे ३९ लाख रुपये ठेवीत गुंतवावे लागतील. मे महिन्यातले ते पाकीट शाखेत दिले गेले असते, तर ही ३९ लाखांची ठेव काही महिन्यांच्या घाईपायी सोडून दिल्यासारखे झाले असते. उपदान आणि भविष्य निर्वाह निधीतील स्वतःचा हिस्सा राजीनाम्यानंतरही मिळतो. त्यामुळे ‘पैसे तर मिळाले’ असे वाटून घरातील माणसे स्वस्थ बसतात.

पण वीस वर्षे म्हणजे कॅलेंडरवरची वीस वर्षे नव्हेत. या सुनेने बाळंतपणानंतर चार महिने विनावेतन रजा घेतली असेल, तर तो काळ सामान्यतः अर्हताकारी सेवेत धरला जात नाही. सक्षम अधिकाऱ्याने तसा आदेश दिला असेल तरच संपूर्ण सेवेत मिळून बारा महिन्यांपर्यंतची अशी रजा मोजली जाते. आदेश नसेल तर ११ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण होणारी वीस वर्षे ११ एप्रिल २०२६ वर जातात. नोटीस त्यानंतर, आणि निवृत्ती जुलैमध्ये. चार महिने मोजण्यात चूक करून डिसेंबरातच नोटीस दिली, आणि ती बँकेने केवळ ‘सेवा सोडण्याची इच्छा’ म्हणून हाताळली, तर पुढे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करावा लागतो. म्हणून पहिले काम अर्ज लिहिण्याचे नव्हे. रजेची नोंद लेखी मागवणे, आणि अर्हताकारी सेवा किती झाली हे प्रशासकीय कार्यालयाकडून कागदावर घेणे, हे पहिले काम.

अर्जाची भाषाही पाहावी. ‘राजीनामा’, ‘सेवामुक्ती’, ‘नोकरी सोडत आहे’ यांपैकी काही नको. ज्या विनियमाखाली निवृत्ती मागितली त्याचा क्रमांक, सेवेचा प्रारंभ दिनांक, नोटिशीचा आरंभ आणि शेवट, एवढे स्पष्ट हवे. पोच हवी. नियुक्ती अधिकाऱ्याची मान्यता लागते, मात्र नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी त्याने नकार कळवला नाही तर निवृत्ती आपोआप अमलात येते. नोटीस मागे घ्यावयाची झाल्यास ठरलेल्या दिनांकापूर्वी आणि परवानगीनेच घेता येते. पेढीवर मन बदलले म्हणून सौदा फिरवता येत नाही, तसेच हे आहे.

आता व्यापारी घरांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग. मान्यता नाकारण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे चालू असलेली खातेनिहाय चौकशी, आणि अशी चौकशी ओढवून घेण्याचा सरळ मार्ग अनेक पेढ्यांच्या भागीदारी दस्तात लिहून ठेवलेला असतो. कर वाचावा म्हणून, किंवा कर्ज सहज मिळावे म्हणून, सुनेचे नाव भागीदार म्हणून घातले जाते. कधी वस्तू व सेवा कराची नोंदणीच तिच्या नावाने होते. घरात सगळे म्हणतात, नाव नावापुरते आहे. वर्तणूक नियमांना ‘नावापुरते’ हा शब्द ठाऊक नाही. शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि बँकेच्या सेवेतील व्यक्तीला पूर्वपरवानगीवाचून खाजगी व्यापार करता येत नाही. कुटुंबातील माणसाच्या विमा किंवा दलाली व्यवसायासाठी गिऱ्हाईक गोळा करणे हेही त्यात मोडते. गुरुजींनी पत्नीच्या नावावरची विमा एजन्सी स्वतः चालवावी, हे शहापूर-मुरबाडच्या गावांत कोणाला नवे नाही. सारे सुरळीत असेपर्यंत कोणी विचारत नाही. पण निवृत्तीचा अर्ज पडला आणि कोणी एक निनावी तक्रार टाकली की तोच दस्त कपाटातून निघतो. ज्यांच्या घरात नोकरदार सून वा लेक आहे, त्यांनी आपल्या सनदी लेखापालाकडे हा दस्त याच आर्थिक वर्षात तपासून घ्यावा. पेढीवर बसायचेच असेल तर निवृत्तीचा आदेश हातात आल्यावर बसावे, आणि पद अधिकाऱ्याचे असेल तर निवृत्तीनंतरच्या पहिल्या काळात व्यावसायिक काम घेण्यास परवानगी लागते का, हेही विचारून घ्यावे.

मुरबाड तालुक्यात चित्र थोडे निराळे आहे. तिथे सर्वांत मोठा नोकरदार वर्ग जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात उरलेल्या सात तालुक्यांपैकी शहापूर आणि मुरबाड हे खरे ग्रामीण आणि आदिवासी. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई, म्हसा या भागांतल्या वाड्यावस्त्यांवरील शाळा याच शिक्षकांनी चालवल्या आहेत. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. तिथेही सहासष्टाव्या नियमाने वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मिळते. फरक हिशेबात आहे. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ३३ वर्षांची अट केंद्राने २००८ मध्ये आणि राज्याने त्यानंतर काढून टाकली. त्यामुळे वीस वर्षे झालेल्या शिक्षिकेला वेतनाच्या निम्मी रक्कम पूर्ण मिळते. तिचे मूळ वेतन ५८,००० रुपये असेल तर २९,००० रुपये, वर महागाई वाढ. बँकेतील जावेला याच सेवेला कमी का, असा प्रश्न एका घरात जेवताना निघू शकतो. उत्तर एवढेच की दोघींचे नियम निरनिराळे आहेत.

तोटाही मोजायला हवा. उपदान प्रत्येक पूर्ण सहामाहीस पाव महिन्याच्या वेतनाइतके असते, कमाल साडेसोळा महिन्यांचे. वीस वर्षांना ते दहा महिन्यांचेच होते. शिवाय अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत वाढणारे वेतन, त्या वेतनावरचे निवृत्तिवेतन, पुढील आयोगाचा लाभ, या साऱ्यांवर पाणी सोडावे लागते. घरात कोणी आजारी आहे, बदली कसारा घाटाखालच्या वस्तीवर झाली आहे, मुलांची परीक्षा आहे, एवढ्यावर निर्णय करू नये. यांतील बऱ्याच अडचणींना बालसंगोपन रजा, अर्धवेतनी रजा, आपसी बदली हे मार्ग असतात.

शिक्षिकेचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि तिथून ठाण्याच्या जिल्हा परिषदेत असा जातो. अर्ज जातो लवकर, अडते ते सेवापुस्तक. एखाद्या वेतनवाढीची नोंद नसते, वेतन पडताळणी पथकाचा शेरा निघतो, किंवा संगणक परीक्षा मुदतीत उत्तीर्ण न झाल्यामुळे जुन्या वेतनवाढी वसूल करायच्या निघतात. याबाबत २०१४ च्या डिसेंबरमधील रफीक मसीह निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे : वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, त्याची चूक नसताना दिल्या गेलेल्या जादा वेतनाची वसुली करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तथापि निकालाची प्रत घेऊन भांडण्यापेक्षा नोटीस देण्यापूर्वी सहा महिने पंचायत समितीत जाऊन आपले सेवापुस्तक स्वतः पाहणे कमी खर्चाचे. नामनिर्देशन माहेरच्या नावाने राहिले आहे, हेही अनेकींना तेव्हाच कळते.

या सर्वांआधी एक तारीख विचारावी लागते : १ नोव्हेंबर २००५. त्या दिवशी किंवा त्यानंतर राज्यसेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. त्यांच्यासाठी अंशदान योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी सात दिवस संपावर गेले ते याच तारखेसाठी. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासननिर्णयाने, ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. बँकांत हीच रेषा १ एप्रिल २०१० ची आहे. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राची एकीकृत योजना सुरू झाली. तिच्यात स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला खात्रीची रक्कम नोकरी सोडल्याबरोबर मिळत नाही, तो नियत वयाने ज्या दिवशी निवृत्त झाला असता त्या दिवसापासून मिळते. धाकटी जाऊ २०१२ ला लागली असेल तर थोरलीचे उदाहरण तिला लावू नये.

मुरबाड किंवा शहापूर आगारातील एसटी चालकाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. तो सरकारचा माणूस वाटतो, पण निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तो खाजगी कारखान्यातील कामगाराच्या रांगेत, १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत आहे. २०२१ च्या शेवटापासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटी बंद राहिली आणि मुरबाडसारख्या रेल्वे नसलेल्या गावाची बाजारपेठ ओस पडली, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्या संपाला बरेच बोल लावले. शासनात विलीनीकरणाच्या मागणीमागे जे अंतर होते ते आकड्यांत पाहावे. सप्टेंबर १९९९ मध्ये सव्विसाव्या वर्षी लागलेला चालक ऑगस्ट २०२५ मध्ये बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडतो असे समजू. १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या पंधरा वर्षांना ६,५०० रुपये आणि नंतरच्या अकरा वर्षांना १५,००० रुपये ही वेतनमर्यादा. वेतन गुणिले सेवा भागिले सत्तर, असे सूत्र. वीस वर्षांहून अधिक सेवेची दोन वर्षे वाढ धरूनही अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणारी रक्कम चार हजारांच्या आसपास येते. तो पन्नाशीनंतर लगेच मागू शकतो, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कपात. बावन्नाव्या वर्षी घेतले तर रक्कम तीन हजारांच्या घरात येते, आणि कपात कायमची. डिसेंबर २०२० मध्ये महामंडळाने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर केली, तेव्हा हा हिशेब अनेकांनी केला आणि स्टिअरिंग सोडले नाही. ज्याला पैशाची तातडी नाही त्याने नोकरी सोडली तरी १०-डी अर्ज अठ्ठावन्नपर्यंत भरू नये. साठपर्यंत थांबल्यास उलट वर्षाला चार टक्के वाढ मिळते.

योजना जाहीर होऊन मोठ्या संख्येने लोक बाहेर पडले, अशी दोन उदाहरणे या भागातील घरांना जवळची आहेत. पहिले बँकांचे, २०००-०१ चे. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय, एवढीच पात्रता होती, आणि देशभरात लाखाहून अधिक बँक कर्मचारी घरी बसले. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास साठ दिवसांचे वेतन, किंवा उरलेल्या महिन्यांचे वेतन, यांतील कमी असेल ते हाती आले. व्यापारी घरांतील अनेकांनी ती रक्कम दुकानात घातली. दोन वाद मागे उरले. अर्ज स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो का, याचे उत्तर स्वर्णकार प्रकरणात २००२ च्या डिसेंबरमध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने आले, पण ज्यांनी रक्कम उचलून वापरली त्यांना ते लागू झाले नाही. वीस वर्षे झालेल्यांना पाच वर्षांची वाढ द्यायची की नाही, हा दुसरा वाद मोहनदास प्रकरणात २००९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने संपला. ज्यांनी १९९५ मध्ये निवृत्तिवेतनाऐवजी भविष्य निर्वाह निधीच ठेवला होता, त्यांना २०१० मध्ये पुन्हा संधी आली. अट अशी की बँकेचा हिस्सा आणि त्यावर आणखी छप्पन्न टक्के परत भरायचे. ज्यांचा पैसा मालात अडकला होता त्यांची तेव्हा तारांबळ उडाली. काहींनी दागिने गहाण ठेवून भरणा केला, काहींनी वय झाले म्हणून सोडून दिले. भरणा करणाऱ्यांच्या विधवांना आज कुटुंब निवृत्तिवेतन मिळते.

दुसरे उदाहरण भारत संचार निगमचे. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ या एका महिन्यात पन्नाशी पूर्ण केलेल्यांकडून अर्ज घेतले गेले, आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच संध्याकाळी सुमारे ७८ हजार कर्मचारी देशभरात एकदम निवृत्त झाले. शहापूर-मुरबाडच्या बाजारात खांबावर चढून दुकानाचा फोन दुरुस्त करणारे ओळखीचे चेहरे त्यानंतर दिसेनासे झाले. झालेल्या प्रत्येक वर्षास ३५ दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षास २५ दिवसांचे वेतन सानुग्रह म्हणून ठरले. पूर्वीच्या दूरसंचार खात्यातून निगमात आलेल्यांना शासकीय निवृत्तिवेतन मिळते. पण त्याचे अंशराशीकरण साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबले. मुलीच्या लग्नाला ती ठोक रक्कम येईल असे धरून चाललेल्या घरांना त्यामुळे निराळी तजवीज करावी लागली.

अंशराशीकरण म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून आज ठोक रक्कम घेणे. बँकेत एक तृतीयांशपर्यंत, राज्यसेवेत चाळीस टक्क्यांपर्यंत. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. व्यापाऱ्याला भांडवल दिसले की हात पुढे जातो. पण सेहेचाळीसाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या सुनेच्या बाबतीत पंधरा वर्षे म्हणजे एकसष्टीपर्यंतचा काळ, मुलांच्या शिक्षणाचा आणि लग्नाचाच. पेढीला भांडवल हवे असेल तर त्याच बँकेकडून रोख पतमर्यादा मिळते. महिन्याच्या शेवटी न चुकता येणारी रक्कम कोणतीही बँक कर्जाने देत नाही.

धसई हे मुरबाड तालुक्यातील गाव २०१६ च्या डिसेंबरात राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले, तेव्हा तिथल्या किराणा दुकानांत यंत्रे बसली. निवृत्त गुरुजींचे पैसे खात्यात पडतात आणि दुकानाच्या उधारीच्या वहीत त्यांची पाने कोरी राहतात. भाताचे पीक बुडाले त्या वर्षीही ही गिऱ्हाइके थकत नाहीत, हे गल्ल्यावर बसणारा जाणतो.

शहापूरच्या त्या घरात आता काय व्हावे? सासऱ्यांसाठी सकाळी दोन तास माणूस ठेवला जातो. सून शिल्लक रजा टप्प्याटप्प्याने घेते, विनावेतन एकही दिवस नाही. भागीदारी दस्तातून तिचे नाव आधीपासूनच नाही याची खात्री नवऱ्याने लेखापालाकडून करून घेतली आहे. त्या चार महिन्यांच्या जुन्या रजेबद्दलचे पत्र शाखेतून प्रशासकीय कार्यालयाला गेले आहे आणि त्याची पोच पाकिटाच्या शेजारी, कपाटाच्या त्याच खणात ठेवली आहे. उत्तर आले की नोटिशीची तारीख ठरेल.